पहिल्या पायरीची उंची

गावच्या फाट्यावर, पानठेल्याशेजारच्या पारावर परवा संध्याकाळी जो वाद पेटला, त्याला निमित्त झाली नागपूरची मेट्रो. (बोलणे अर्थातच वऱ्हाडीत झाले, येथे ते लेखी भाषेत उतरवले आहे.) लहानपणी पोलिओने एक पाय अधू झालेले आमचे शिंपीकाका आदल्या दिवशी नागपूरला जाऊन आले होते. सीताबर्डी स्थानकात लिफ्ट आहे, अंधांसाठी उठावदार फरश्या आहेत आणि फलाट व डबा एका पातळीत असल्याने तेथे आपण कोणाचाही हात धरला नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते; आपल्या एसटीत मात्र कोणाचा हात धरल्याशिवाय चढता येत नाही, ही त्यांची तक्रार होती.

‘‘मग तक्रार कसली?’’ निवृत्त कंडक्टरमामांनी विचारले. ‘‘एसटीतही दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे.’’

‘‘मामा, तिकीट फाडायला आधी गाडीत चढावे लागते.’’

मामांच्या मते हात द्यायला चार माणसे असतातच. शिंपीकाका यावर चिडले; कापसाच्या बोंद्रीसारखे उचलून आत टाकले जाण्याला ते मदत मानत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने हिशेब मांडला. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. बसचा तळ जमिनीपासून 900 मिलिमीटर उंच असेल, तर उतार जवळजवळ 11 मीटर, म्हणजे बसइतकाच लांब लागेल. शहरातील लो-फ्लोअर बसचा तळ 400 मिलिमीटरवर असतो, म्हणून तीच आणावी, असे त्याचे म्हणणे. ‘‘पावसाळ्यात आपल्या रस्त्यावर ती पोटावर बसेल,’’ मामा म्हणाले, आणि यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. मात्र मामांनीच पुढे वाट काढली: बस खाली येत नसेल, तर फलाट वर न्यावा. अहमदाबादच्या बीआरटीएसमध्ये, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या बससेवेत, 2009 पासून तसेच आहे. तालुक्याच्या स्थानकात एक फलाट उंच करून त्या उंचीचे, पायऱ्या नसलेले दार गाडीला ठेवता येईल. फाट्यावर मात्र गाडीतच यांत्रिक लिफ्ट लागेल.

कायद्याचा विषय मी काढला. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 2017 च्या नियमांत सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापर करता येण्याचे, निकष बंधनकारक न राहता शिफारशीपुरतेच उरले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून तीन महिन्यांत सक्तीचे निकष करण्यास सांगितले. ‘‘निकाल फाट्यावर कधी पोहोचतो?’’ शिंपीकाकांनी विचारले.

तेवढ्यात शेवटची बस आली आणि निवाऱ्यासमोर न थांबता पुढे नालीकाठी थांबली. शिंपीकाकांनी गळ्यातला टेप पुतण्याकडे फेकला. पहिली पायरी जमिनीपासून 21 इंच भरली. निवाऱ्यासमोर भराव असल्याने तेथे ती 16 भरते, हे काकांनी पूर्वीच मोजून ठेवले होते. मामा काही न बोलता उठले आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे चालू लागले.