५७ डेल, २० हाडं आणि कंबरेतलं इंजेक्शन

माझ्या नणंदेला नववा लागलाय आणि नेमका आत्ताच फॅमिली ग्रुपवर तो गुलाबांच्या चित्राचा फॉरवर्ड परत फिरायला लागला. माणूस ४५ डेल दुखणं सोसू शकतो, बाळंतपणात बाईला ५७ डेल होतात, म्हणजे एकदम २० हाडं मोडल्यासारखं. खाली नवीन भर, एपिड्युरल (कळा कमी दुखाव्यात म्हणून कमरेत देतात ते भुलीचं इंजेक्शन) घेऊ नका, जन्माची कंबर जाते, हमखास सिझर होतं, आपल्या आज्या शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या. नणंद रात्री अकराला फोन करून रडली म्हणून लिहितेय, फॉरवर्ड टाकणाऱ्या काकू, रागावू नका.

आधी ते डेल. असं काही मापच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी कपाळावर दिव्याची उष्णता सोडून दुखणं मोजायचा प्रयत्न केला, त्या मापाला 'डोल' नाव दिलं, पण ती पट्टी साडेदहालाच संपायची आणि पुढे इतरांना तसे आकडे मिळेनात म्हणून मागे पडली. आणि माणूस ४५ च सोसू शकतो तर ५७ मोजले कुणावर? कळा येतात नि जातात, एक कळ साधारण मिनिटभर, मग मधे उसंत. हाड मोडल्यावर मधे चहा पिता येतो का?

कंबर. सुई कमरेत खाली देतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, नंतर सुई काढतात आणि फक्त बारीक नळी राहते. टोचलेली जागा काही दिवस दुखते, ते खरं. पण एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत नंतरची कंबरदुखी सारखीच निघते, कारण नऊ महिन्यांचं ओझं, सैल झालेले सांधे आणि वाकून पाजणं दोघींनाही असतंच. खरे त्रास वेगळे आहेत आणि ते फॉरवर्डमध्ये नाहीत: बीपी उतरतं, पाय जड होतात, कधी ताप येतो, शंभरात एखादीला बसलं की ठणकणारी डोकेदुखी होते. हे डॉक्टरांना आधी विचारा.

सिझरचं म्हणाल तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये ४० चाचण्यांमधली, ११ हजारांवर बायकांची माहिती एकत्र तपासली, एपिड्युरलमुळे सिझर वाढल्याचं दिसलं नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो, आणि बाळ बाहेर ओढायला चिमटा-व्हॅक्यूम जास्त लागायचं ते जुन्या चाचण्यांत, २००५ नंतरच्यांत नाही. आपल्याला उलटं वाटतं कारण जिच्या कळा लांबतात, बाळ अडतं तीच इंजेक्शन मागते, मग सिझर झालं की खापर सुईवर.

आता आज्या. ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो हो. १९९७-९८ मध्येसुद्धा देशात लाख जिवंत जन्मांमागे ३९८ आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. पण आज्यांकडे एक गोष्ट होती जी आपण घालवली, त्या चालायच्या, उकिडव्या बसायच्या, आणि कुणीतरी पाठ चोळायला असायचं. माझ्या वेळी मला आठ तास उताणं टेबलावर ठेवलं, आई दाराबाहेर, आणि सिस्टर म्हणे ओरडू नको. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत हेच आहे की बाईला हवं ते माणूस सोबत असू दे, हिंडू-फिरू दे, धोका नसेल तर खाऊपिऊ दे, मालिश, खोल श्वास, आणि मागितलं तर एपिड्युरलही. सरकारी दवाखान्यांतली बाळंतपणं सुधारायच्या सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण आहे, तरी विचारल्याशिवाय कुणी आत सोडत नाही.

म्हणून आत्ताच विचारायचं, भुलीचे डॉक्टर रात्री येतात का, पैसे किती, आत कोण येऊ शकतं. तालुक्याला बऱ्याचदा भुलीचे डॉक्टरच नसतात, मग इंजेक्शनचा वाद तिथेच मिटतो आणि पाठ चोळणारा हात तेवढा उरतो.

नणंदेने शनिवारची वेळ घेतलीय. काकू, तुम्ही यायचं का सोबत? तुमचा हात चांगला आहे पाठ चोळायला, आमच्या सगळ्यांच्या बाळांना तेल तुम्हीच लावलंयत.