शेतातली मोटर आणि स्विमिंग पूलवरची मोटर

काटोल, कळमेश्वर, सावनेरकडे संत्र्याच्या बागांत फार्महाऊस झाले आणि फार्महाऊस म्हटलं की आता स्विमिंग पूल आलाच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लेकरं दिवसभर पाण्यात असतात. खुशाल असू द्या. माझं म्हणणं आहे ते त्या पूलच्या मोटरला आणि लाइटला घरच्या घरी हात घालण्याबद्दल. वायरिंगचं काम करतो, म्हणून बोलतो आहे.

आपल्याकडे शेतकऱ्याला मोटर कळते. स्टार्टर उघडणं, कंडेन्सर बदलणं, फ्यूज बांधणं हे आठवी-नववीतला पोरगाही बापाचं पाहून शिकतो. हे कसब खरं आहे आणि गरजेतून आलेलं आहे. पण शेतातली मोटर चालू असताना विहिरीत कोणी पोहत नसतं. पूलची मोटर चालू असते तेव्हा पाण्यात आपलीच लेकरं असतात.

गेल्या उन्हाळ्यात एका ठिकाणी पंपाच्या खड्ड्यात वाकून पाहिलं तर घोटाभर पाणी, त्यात केबलचा जोड, जोडावर काळी टेप आणि टेपवर खताच्या पोत्याचा तुकडा सुतळीने आवळलेला. बोर्डात आरसीसीबीची (करंट गळला की लाइट तोडणाऱ्या स्विचची) जागा रिकामी, वायरी सरळ पिळून जोडलेल्या. मालक म्हणाले, "भाऊ, ते सारखं पडे, म्हून काहाडून टाकलं." अहो, ते पडत होतं कारण कुठेतरी करंट गळत होता! ते यंत्र ओरडून सांगत होतं आणि आपण त्याचाच गळा दाबला.

एमसीबी (जास्त लोड आला की पडणारी) आहे ना, मग काय, असं बरेच जण म्हणतात. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरा. २३० व्होल्टवर अंगातून पाव अँपिअरच्या आसपास करंट जाईल. हृदय बंद पाडायला तेवढा पुष्कळ झाला, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी असते ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. पाण्यात तर याहून कमी करंटनेही हातपाय आखडतात आणि चांगला पोहणारा माणूस बुडतो. बघणाऱ्याला वाटतं, दम लागला असेल.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. पण त्याने फक्त आरसीसीबी चालते एवढंच कळतं, अर्थिंग ठीक आहे की नाही ते कळत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, आणि ज्या महिन्यांत पूल सगळ्यात जास्त वापरात असतो त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. खड्ड्यात पाणी टाकत राहा आणि मीटर लावून तपासून घ्या.

आणखी एक सवय मला फार भिववते. "लाइट गेली आहे, तोवर करून घेऊ." गावातली लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टर असेल तर ती पुरती गेलेलीही नसते. मागच्या कोणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतला असेल तर स्विच बंद करूनही मोटरवर फेज, म्हणजे जिवंत करंट, तसाच राहतो. मेन पाडला तरी कंडेन्सर भरलेला असू शकतो, त्याचाही झटका बसतो.

पाण्यातल्या लाइटचं तर बोलायलाच नको. तिथे १२ व्होल्टचाच लाइट हवा, तोही आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवर, आणि तो ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. स्वस्तात मिळाला म्हणून २३० व्होल्टचा बल्ब सिलिकॉन लावून भिंतीत बसवणाऱ्यांना माझे हात जोडून नमस्कार आहेत, तो आजच काढा. काठापासून दोन मीटरच्या आत साधं सॉकेटही नको.

पंपाची बास्केट साफ करणं, बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं), क्लोरीन, मेन पाडून झाकणाची रबर रिंग बदलणं, हे सगळं तुम्हीच करा. टर्मिनलचं झाकण मात्र परवानाधारक वायरमनलाच उघडू द्या. आणि काम झाल्यावर त्यालाही विचारा, की लीकेज मोजलं का, अर्थिंग पाहिलं का. चांगला वायरमन रागावत नाही.

पाण्यात कोणाला करंट लागला असं वाटलं तर मागोमाग उडी मारू नका. आधी मेन पाडा, मग बाहेर ओढा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. गावाकडे गाडी यायला वेळ लागतो. म्हणून मेन स्विच पूलपासून लांब, पण उघड्यावर दिसेल असा ठेवा. मोटरघराला कुलूप, किल्ली गड्याच्या खिशात आणि गडी बाजाराला गेलेला, हे मी एकापेक्षा जास्त घरी पाहिलं आहे.