खुलासा : पुरात जिल्हाधिकाऱ्यांचे हात बांधलेले नसतात

‘केंद्राने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केल्याशिवाय जिल्हाधिकारी पूरग्रस्तांसाठी एक बोटही मागवू शकत नाहीत’, असा मेसेज फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे, तर राज्य कार्यकारी समितीचे मुख्य सचिवांकडे असते. कलम ३४ जिल्ह्याला रस्ते बंद करण्याचे, लोकांना हलवण्याचे अधिकार देते. कलम ६५ तर त्याहून थेट आहे. बचावासाठी लागणारी खासगी बोट, ट्रक किंवा इमारत लेखी आदेशाने ताब्यात घेता येते. मालकाला त्याचा मोबदला मिळतो (कलम ६६). आदेश निघाला नाही, तर जाब जिल्ह्यालाच विचारायचा, दिल्लीला नाही.

राहिला ‘राष्ट्रीय आपत्ती’चा मुद्दा. मदतनिधीच्या नियमांत अशी घोषणा करण्याची तरतूदच नाही. तातडीचा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून होतो, तो अपुरा पडला तर केंद्राकडे मागणी जाते.

असले मेसेज वाचून माणसे मदत मागायचीच थांबतात, याची खरी काळजी वाटते. पाणी चढू लागले की जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर लगेच फोन करा.