इथ० परत आणलं म्हणजे नाव पक्कं झालं? नाही हो

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘लिनक्सवर पूर्वी इथ० म्हणजे कायम इथ०च, सिस्टमडीने वाट लावली, ग्रबमधे नेट.आयएफनेम्स=० टाका आणि निवांत झोपा.’ (इथ० म्हणजे लिनक्समधे नेटवर्क कार्डाला मिळणारं जुन्या पद्धतीचं नाव, सिस्टमडी म्हणजे मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम, ग्रब म्हणजे बूटलोडर, आणि नेट.आयएफनेम्स=० म्हणजे नव्या पद्धतीची नावं बंद करणारा बूटचा पर्याय.)

‘कायम इथ०च’: एकच कार्ड असेल आणि ते बदललं नसेल तर हो, नावासाठी भांडायला दुसरं आहेच कोण. दोन कार्डं असली की कर्नल (लिनक्सचा गाभा) कार्डं ज्या क्रमाने सापडतील तसे नंबर वाटतो, आणि तो क्रम दर बूटला तोच राहील याची गॅरंटी कधीच नव्हती. तरी नावं टिकायची ती यूडेव्हमुळे (उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारा भाग), तो मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फाइलीत लिहून ठेवायचा. तेव्हा ज्यांनी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, सॉफ्टवेअरमधे चालणारं मशीन) क्लोन केल्यात त्यांना आठवेल, क्लोनला नवा मॅक, इथ० जुन्या मॅकच्या नावावर अडकलेलं, म्हणून नव्या कार्डाला इथ१ मिळायचं आणि कॉन्फिग बसायचं इथ० शोधत, नेटवर्क गुल.

‘सिस्टमडीने वाट लावली’: अर्धं खरं. २०१३ मधे आलेल्या १९७ व्हर्जनपासून ईएनपी३एस० छाप नावं सुरू झाली, म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. (पीसीआय कार्डांची यादी देणारी एलएसपीसीआय कमांड बस नंबर हेक्समधे, म्हणजे १६ च्या पायात, दाखवते, नावात तो दशमान येतो, तिथलं ०ए इथे पी१० दिसतं, गोंधळू नका.) पण नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली की बस नंबर सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. हा वैताग मान्य.

‘मग नेट.आयएफनेम्स=० टाका’: इथेच खरी गोची आहे, कारण ती जुनी रूल्स फाइल बनवणारा भाग यूडेव्हमधून केव्हाच काढलाय, त्यामुळे परत येतो तो फक्त कर्नलचा कच्चा क्रम, म्हणजे जुन्यापेक्षाही कमी भरवशाचा. एका कार्डाच्या व्हीएमवर चालून जाईल, पण राउटर-फायरवॉलवर इथ० आणि इथ१ ची अदलाबदल झाली तर लॅनसाठीचे (आतल्या नेटवर्कसाठीचे) मोकळेढाकळे नियम थेट इंटरनेटच्या बाजूला लागतील.

नाव पक्कं हवंय तर ते स्वतः द्या. /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मधे १०-लॅन.लिंक फाइल करा:

[मॅच]
पर्मनंटमॅकॲड्रेस=कार्डाचा मॅक
[लिंक]
नेम=लॅन०

(टाइप अर्थात इंग्रजीत करायचं.) नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा आणि इथ१ वगैरे देऊ नका, कर्नलशी टक्कर होते. डेबियनवर अपडेट-इनिटरामएफएस -यू चालवा (बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज त्याने नव्याने बनते), कॉन्फिगमधे आणि फायरवॉलमधे पण नवीन नाव घाला, मगच रीबूट, आणि मशीन लांब कुठे असेल तर आधी कन्सोल (नेटवर्क गेलं तरी मशीनमधे शिरायचा रस्ता) चालतोय ना ते बघून घ्या.