अडीच दिवसांचा अनुभव

माझं वय ४७. त्यातली २२ वर्षं माहितीपटांचं संकलन करण्यात गेली. या २२ वर्षांचा एकूण अनुभव अडीच दिवस भरतो, असं मला गेल्या मंगळवारी लेखी कळलं. लेखी म्हणजे पेन्सिलीनं, माझ्याच अर्जाच्या समासात, खाली दोन रेघा मारून.

शहरातल्या एका शिक्षणसंस्थेत मी जनसंवादाच्या मुलांना चित्रपट-संकलन शिकवते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण जुलैपासून तिथेच पुन्हा तासिका हव्या आहेत. तासिका तत्त्वावरच्या माणसाचा दर मे महिन्यात पुनर्जन्म होतो. सहा वर्षं शिकवलं असलं तरी सातव्या वर्षी नवा अर्ज, नवे फोटो, त्याच जुन्या झेरॉक्स. बाहेर ४५ अंश. आत एकच कूलर, त्याचं तोंड बाबूकडे.

अर्जात एक रकाना होता: 'केलेल्या कामाचा तपशील व एकूण कालावधी'. मी ३१ माहितीपटांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे लांबी, खाली बेरीज: १९ तास ४० मिनिटं. बेरीज करताना मला चक्क थोडा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम सांगून ठेवते.

"संकलक म्हणजे?" बाबूनं विचारलं.

"एडिटर."

"मंग संपादक लिहा ना. कोणत्या पेपरात?"

"पेपरात नाही. फिल्मची एडिटर. मराठीत त्याला संकलक म्हणतात."

"संकलन तं कचऱ्याचं असते, मॅडम."

"दुधाचंही असते," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. डोक्याला दुपट्टा, शर्टाच्या खिशात उन्हासाठी ठेवलेला कांदा, हातात प्लास्टिकची पिशवी. काका उमरेडकडून पहाटेच्या एसटीनं आले होते. धाकट्या मुलीचं नाव दीक्षा. मार्कशीटवर छापलं होतं 'दक्षा'. एका वेलांटीसाठी त्यांची ही चौथी चक्कर होती. अशा माणसाला इतरांच्या कामात रस घेण्याशिवाय दुसरं काय उरतं? त्यांनी बाकावरून उठून थेट माझ्या शेजारी कोपर टेकवलं.

तेवढ्यात बाबूनं कॅल्क्युलेटर ओढला.

"१९ तास ४० मिनिटं. दिवसाचे आठ तास धरू. अडीच दिवस होते, मॅडम. इथे किमान पाच वर्षं पायजे."

"अहो, ती फिल्मची लांबी आहे. काम करायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो."

"किती?"

आता हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता, म्हणून मी उत्साहानं उत्तर दिलं. ही माझी दुसरी चूक. वैनगंगेवरच्या ढीवरांवर, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यानं त्यांच्या मासेमारीचं काय झालं यावर, एक ५२ मिनिटांचा माहितीपट मी केला होता. फुटेज ७० तासांचं. म्हणजे ऐंशी मिनिटं पाहायची आणि त्यातलं एक ठेवायचं. सात महिने लागले.

"सात महिन्यांत ५२ मिनिटं?" बाबूनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे तुम्ही लिहू नका. तुमचंच नुकसान होईल."

"बाकीचं गेलं कुठं?" काकांनी विचारलं.

"कापलं."

"एकोणसत्तर तास कापले?" काका बाबूकडे वळले. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी फक्त वरातीत सांडलेल्या तुपाकडे पाहणाऱ्या म्हाताऱ्यांची पाहिली आहे.

"मंग कापलेलं आणून दाखवा," बाबू म्हणाला. "तेवढे तास धरू."

माझ्या धंद्याचं अख्खं दुःख या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं. कॅमेरामनला फोटो दाखवता येतो. संकलकाचं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. दिसलं की बिघडलं. मी कशाचा पुरावा आणू? आमचे दादासाहेब फाळके. त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर ते रोप बघता बघता वाढवून दाखवलं. ते पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. आमच्या बाबूनं फाळक्यांना मिनिटभराचा अनुभव लिहून दिला असता, आणि वाटाण्याची पावती मागितली असती.

हे सगळं मी त्याला सांगणार होते, पण कूलरच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं. कूलरवरून एक सांगते, विषय निघालाच आहे तर. एप्रिल ते जून या काळात विदर्भात घेतलेल्या प्रत्येक मुलाखतीत तीन जण बोलतात: विचारणारा, सांगणारा आणि कूलर. बंद करायला सांगितलं की घरधनी म्हणतो, "दोन मिनिटं बोला ना, मंग चालू करू," आणि आठव्या मिनिटाला त्याची सासू तो स्वतःच सुरू करते. मग एका वाक्याच्या मागे शांतता, पुढच्या वाक्याच्या मागे घर्रर्र. ही दोन वाक्यं जोडली की सांध्यावर कूलर दचकतो. म्हणून मी शूटवाल्यांच्या हातापाया पडते की निघताना अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या रे, कूलरसकट, कोणी बोलू नका. कोणी घेत नाही. घेतला तर त्यात कोणीतरी "चहा ठेवू का?" विचारतं. माझ्या २२ वर्षांतलं निदान एक वर्ष कूलर शिवण्यात गेलं असेल. ते कोणत्या रकान्यात लिहू?

"थांबा बाबूजी, मले समजलं," काका म्हणाले. "बाई, तुम्ही कापता."

"हो."

"मंग जोडते कोण?"

"मीच."

"कापता बी तुम्ही, जोडता बी तुम्ही. म्हणजे टेलरिंग." ते बाबूला समजावू लागले, "सत्तर मीटर कापड देल्लं, बाईनं त्याचं एक पोलकं शिवलं. पण फिटिंगचं शिवलं. असं आहे ते."

बाबूचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "असं सांगा ना मॅडम मग!"

मला राग आला. राग यायचं कारण असं, की काकांचं बरोबर होतं. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात हॉलिवूडपासून रशियापर्यंत कापाकापीच्या टेबलांवर बायकाच जास्त असायच्या, कारण हे शिवणटिपणासारखंच काम, बायकांना जमतं, असं तेव्हाच्या पुरुषांचं मत होतं. पुढे त्या कामाला मान यायला लागला, तसं ते बायकांच्या हातून निसटत गेलं. रशियन दिग्दर्शक झिगा व्हर्तोवनं १९२९ च्या आपल्या माहितीपटात निदान बायकोला, येलिझाव्हेता स्विलोवाला, टेबलावर फिल्म कापताना पडद्यावर दाखवलं तरी. मी स्वतः पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात शिकले, स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर, हातात पांढरे मोजे घालून, गळ्यात फिल्मच्या पट्ट्या लोंबत. तिथे आम्ही याला काळ घडवण्याची कला म्हणायचो. उमरेडच्या काकांनी पावणेदोन मिनिटांत पोलक्यावर आणून ठेवलं.

"बाई, कापता-जोडता येते तं हे वेलांटी जोडून द्या ना," त्यांनी मार्कशीट पुढे केली.

"काका, त्यावर आम्हीच जोडू," बाबू म्हणाला. "अर्ज आला की."

"चार येळा आला ना अर्ज!"

"पाचव्यांदा येऊ द्या."

शेवटी बाबूनं मला तोडगा दिला. ३१ निर्मात्यांकडून 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले' अशी लेटरहेडवर पत्रं आणायची. ३१ पैकी चार जण वारले. एकानं कंपनी बंद करून वर्धा रोडला टाइल्सचं दुकान टाकलंय, त्याचं लेटरहेड आहे, पण त्यावर कमोडचं चित्र आहे. सहा जणांनी माझे शेवटचे पैसेच दिलेले नाहीत. त्यांना फोन केला तर मी वसुलीसाठी केला असं समजून ते उचलणार नाहीत.

आणि पैशाचं निघालं म्हणून सांगते, मला यात हसू येत नाही. तासिकेला ठरलेलं मानधन, तेही फक्त वर्गात उभं राहिल्याच्या तासाचं. मुलांचे बावीस-बावीस प्रकल्प रात्री घरी बसून तपासायचे, ते धरत नाहीत. परीक्षा, सुट्ट्या, नेत्याच्या निधनाचा दुखवटा, हिवाळी अधिवेशनात बंद झालेले रस्ते, सगळ्यात तासिका बुडते आणि बुडालेली तासिका माझी बुडते. गेल्या सत्राचं मानधन अजून 'वर गेलंय'. किती वर, ते कोणी सांगत नाही. माझा एक विद्यार्थी लग्नाचे व्हिडिओ करतो, एका लग्नसराईत तो माझ्या वर्षभराहून जास्त कमावतो आणि मला आदरानं विचारतो, "मॅम, तुम्ही हे फील्ड का नाही ट्राय केलं?" पोरगा चांगला आहे. म्हणूनच जास्त लागतं.

तर काका. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. मी दिला, कारण टेलरिंगचा राग अजून गेला नव्हता आणि रागात माणूस काहीही देतो. शनिवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून फोन आला: "बाई, मी येऊन राहिलो." पेन ड्राइव्ह घेऊन आले. मोठीचं लग्न फेब्रुवारीत झालं होतं. त्याच्या व्हिडिओतून साडभाऊ काढून टाकायचे होते.

"काऊन?" मीही आता त्यांच्याच भाषेत आले होते.

"भर पंगतीत म्हणते, वडाभातात वडा दुर्बिणीनं पाहा लागते. पन्नास माणसं हसली, बाई. मी त्या माणसाले जन्मभर पाहू शकत नाही. आणि व्हिडिओत पाहावं तिथं तोच."

नाही म्हणणार होते. पण काकांनी पिशवीतून बायकोनं वाळवलेल्या मुंगवड्या काढून टेबलावर ठेवल्या. गेल्या सत्रभरात माझ्या कामाचा कोणी आगाऊ मोबदला दिला नव्हता.

साडभाऊ ४१ शॉट्समध्ये होते. देखणा, हौशी माणूस; कॅमेरा दिसला की आपोआप पुढे यायचा. चाळीस शॉट्स निघाले. एक निघेना. मंगलाष्टकांनंतर नवरी अचानक मनापासून खळखळून हसते. अख्ख्या तीन तासांत तेवढंच एक खरं हसू आहे. कोणाला हसते? साडभाऊंना, ते बँडच्या तालावर काहीतरी करताहेत. साडभाऊ काढले की तिचं हसू अधांतरी.

दरवर्षी पहिल्या तासिकेला मी मुलांना कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग सांगते. एका नटाचा एकच चेहरा. मध्ये सूपची वाटी जोडली तर तो भुकेला वाटतो, शवपेटी जोडली तर दुःखी. पोरं जांभया देतात. शनिवारी रात्री तो प्रयोग माझ्या टेबलावर आला. नवरीच्या हसण्यापुढे नवऱ्याचा शॉट लावला: तो मुंडावळ्या सोडवत होता, मुलगी पहिल्याच दिवशी नवऱ्याला हसते आहे असं झालं. आईचा लावला: आई डोळे पुसत होती, मुलगी राक्षसीण वाटली. घाईत पंगतीतल्या वडाभाताचा लावला. तेव्हा नवरी वडाभाताला हसली. म्हणजे साडभाऊ जे म्हणाले होते, तेच आता पोटची पोरगी म्हणत होती.

रात्री दीडच्या सुमारास मांडवाच्या खांबामागे धाकटी सापडली. दीक्षा. करवली, केसांतला गजरा तोंडासमोर लोंबतोय आणि ती फुंकर मारून तो उडवतेय. दोन सेकंद. लावला. बहीण बहिणीला हसली. सांधा दिसेना, आवाज जुळला, बँडचा ठेकाही बरोबर जागेवर पडला. मी एकटीच खुर्चीत बसून टाळी वाजवली. घरात झोपलेल्यांपैकी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला. २ तास १० मिनिटं, मांडी घालून, दुपट्टा काढून. शेवटी म्हणाले, "बाई, हे तं जसंच्या तसं आहे. कापलं काय याच्यात?"

"साडभाऊ कुठे दिसले का?"

ते विचारात पडले. "नाई दिसले. लग्नाले आलते का तो माणूस?"

याहून मोठं प्रशस्तिपत्र मला अजून मिळालेलं नाही. लेटरहेडवर मागावं असं मनात आलं, पण त्यांचं लेटरहेड नाही. जाताना चपला घालत ते म्हणाले, "मंग एवढ्या मुंगवड्या कशाच्या?" आणि स्वतःच हसले. मलाच थोडा वेळ कळेना की ही गंमत आहे की तक्रार.

रात्री अर्जाची कच्ची प्रत काढली आणि यादीत बत्तिसावं नाव लिहिलं. १९ तास ४० मिनिटांत २ तास १० मिनिटं मिळवली. झाले २१ तास ५० मिनिटं. बाबूच्या हिशेबानं पूर्ण तीन दिवस व्हायला आणखी २ तास १० मिनिटं हवीत.

दीक्षाची वेलांटी मिळाली की काका तिच्यासाठी स्थळं पाहायला लागणार आहेत.