न वाचताच आलेले स्वीकृतिपत्र

आज दुपारी एका प्रकाशन संस्थेचे स्वीकृतिपत्र वाचले आणि तेव्हापासून डोके जे तापले आहे ते अजून शांत झालेले नाही, म्हणून हे लिहायला बसले. पत्र माझ्या नावाचे नाही. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या तुकडीत असलेल्या, हर्णै बंदराजवळच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या आणि यंदा बारावीला असलेल्या एका मुलीला ते ईमेलने आले. तिच्या वडिलांनी दापोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याची छापील प्रत काढून घेतली आणि भर पावसात ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणली. मुलीने कादंबरी लिहिली आहे, हे आपल्यापैकी काहींना माझ्याकडून कळलेले आहेच. ती 'स्वीकारली' गेली, असे पत्रात म्हटले आहे.

पत्रातले पहिलेच वाक्य असे आहे की, 'आपल्या कादंबरीतील सागरसफरीचे थरारक वर्णन आमच्या संपादक मंडळास अतिशय भावले.' हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले, कारण या कादंबरीत एकही नौका पाण्यात उतरत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि अख्खी कादंबरी त्या एकसष्ट दिवसांत घडते. पहिल्या प्रकरणात नौका वर ओढून झापांनी शाकारतात आणि शेवटच्या प्रकरणात नारळी पौर्णिमेची तयारी सुरू झालेली असते. मधल्या सगळ्या पानांत एक आजी आहे, तिने उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील आणि सुकट आहे, उधारीची वही आहे, गळणारे छप्पर आहे आणि समुद्राकडे पाहून कंटाळलेली माणसे आहेत. समुद्र कानावर पडत राहतो, पण त्यावर कोणी जात नाही. मुलीने ते मुद्दाम तसे केले आहे. संपादक मंडळाला मात्र सागरसफर भावली. कोळीवाड्यातील मुलगी म्हटल्यावर तिने सागरसफरच लिहिली असणार, असे गृहीत धरून कोणीतरी ते वाक्य टंकले असावे आणि पुढच्या पत्राकडे वळले असावे.

दुसऱ्या पानावर आकडे आहेत. तीनशे प्रतींसाठी ६५,००० रुपये लेखिकेने भरायचे, त्यावर 'आयएसबीएन शुल्क', म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे शुल्क, वेगळे, 'कॉपीराइट नोंदणी' वेगळी आणि एका सन्मान सोहळ्याचा खर्च आणखी वेगळा. भारतात पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कॉपीराइट तर साहित्यकृती लिहून झाली की १९५७ च्या कायद्याने लेखकाकडे आपोआपच येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि हौसेने करायचीच म्हटली तरी साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे. या पत्रात त्या दोन ओळींसाठी लावलेली रक्कम मी येथे लिहीत नाही, कारण ती लिहिताना माझा हात थरथरेल. फुकटची वस्तू सतरा वर्षांच्या मुलीला विकायला निघालेल्यांना आपण प्रकाशक म्हणायचे का?

पत्राला करारनामाही जोडला आहे आणि खाली मुलीची स्वाक्षरी मागितली आहे. अठरा पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यापासून मुळातच ग्राह्य नाही. अशा वेळी पालकाशी बोलावे लागते आणि पालकाची सही घ्यावी लागते. कादंबरीसोबत पाठवलेल्या परिचयात मुलीने आपली इयत्ता आणि वय दोन्ही लिहिले होते, त्यामुळे 'आम्हांला माहीत नव्हते' म्हणायलाही जागा नाही. त्या करारात सर्व हक्क 'कायमस्वरूपी' प्रकाशकाकडे जातील असे कलम आहे. हक्क देताना मुदत लिहायचीच राहून गेली, तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, इतका तो लेखकाच्या बाजूचा आहे. येथे पैसे लेखिकेचे, श्रम लेखिकेचे, पुस्तके विकायची तीही तिनेच आपल्या नातेवाइकांत, आणि हक्क मात्र यांचे, तेही कायमचे.

मुलीचे वडील एका नौकेत भागीदार आहेत. सध्या बंदीमुळे घरात आवक नाही, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी जाळ्यांची डागडुजी, इंजिनाचे काम आणि पहिल्या फेरीचे डिझेल यांसाठी जे काही बाजूला ठेवलेले असते तेवढीच शिल्लक. ते मला म्हणाले, "बाई, पोरीचं पुस्तक निघतंय, पैशाचं काय ते बघू आम्ही. फक्त कागद बरोबर हायत ना तेवढं सांगा." त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो पाहून मला त्या संपादक मंडळाला समोर बसवून शाळेतल्यासारखे उभ्या उभ्या विचारावेसे वाटले की, आजीचे नाव काय? तिची उधारी कोणाकडे थकली आहे? छप्पर कोणत्या बाजूने गळते? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर दिले असते तरी मी निम्मा राग गिळला असता.

मराठी प्रकाशन हा सुखाचा धंदा राहिलेला नाही, पहिली आवृत्ती काही शेकड्यांतच निघते, ग्रंथालयांची बिले वेळेवर येत नाहीत आणि लेखकाकडून उघडपणे पैसे घेऊन चोख काम करून देणारेही काही जण आहेत, हे मला मान्य आहे. मान्य आहे म्हणून सागरसफर मान्य होत नाही.

आता थोडे आपल्याकडे. संध्याकाळी हा प्रकार एका स्नेह्यांना सांगितला, तर ते म्हणाले, "आधी बारावी होऊ दे, कादंबरी लिहिण्याचे वय आहे का हे?" हे गृहस्थ दरवर्षी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. परंपरेने सांगितलेला ज्ञानेश्वरांचा जन्मशक ११९७ आणि ग्रंथाच्या अखेरीस नोंदलेला शक १२१२, यांची वजाबाकी त्यांनी कधीतरी करून पाहावी. कोणत्याही मुलीची तुलना मला ज्ञानेश्वरांशी करायची नाही, तेवढी मी अजून भान सोडून बोलत नाही. पण पोथीपुढे डोके टेकवणाऱ्याने निदान वयाचा मुद्दा तरी काढू नये.

मला यापेक्षाही अधिक लागते ते आपले कौतुक. कोवळ्या वयाच्या कवींचे आपण मनापासून करतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' म्हणून गौरवले गेले आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले. कवितेचे तसे होऊ शकते, कारण कविता सभेत उभे राहून म्हणता येते, पाच मिनिटांत टाळ्या मिळतात आणि शाल-श्रीफळ देऊन सगळे जेवायला जातात. कादंबरीचे तसे नाही. कादंबरीसाठी कोणीतरी आपल्या चार-पाच संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि ते देण्याची वेळ आली की आपला सगळा साहित्यप्रेमी तालुका कामात असतो. पालगडचे साने गुरुजी आमचे, मालगुंडचे केशवसुत आमच्याच जिल्ह्याचे, असे आपण भाषणांतून किती वेळा ऐकतो! या मुलीचे हस्तलिखित मात्र मी आपल्या गावातल्या ज्यांना ज्यांना देऊ केले, त्यांतल्या बहुतेकांनी "छान उपक्रम आहे" म्हणून ते न उघडताच परत केले. उपक्रम! जणू तिने वृक्षारोपण केले आहे. न वाचता भावणाऱ्या संपादक मंडळात आणि न वाचता कौतुक करणाऱ्या आपल्यात फरक एवढाच, की आपण पैसे मागत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून कादंबरीविषयीही सांगते. ती निर्दोष नाही. सुरुवातीची पन्नासेक पाने पुस्तकी आहेत. तिथे पाऊस 'बरसतो' आणि माणसे 'विचारमग्न' होतात. मग आजी बोलायला लागते आणि बाजारात पाटी उतरवावी तशी ती पोर हातातले सगळे उसने शब्द खाली ठेवते. एका प्रकरणात आजी रात्री कंदील घेऊन उठते आणि सुकटीच्या गोणीला ओल लागली का ते हात घालून तपासते, आणि नातीला दिव्याच्या उजेडात केवळ तिचे मनगट दिसते. दीड पानाचा प्रसंग आहे. मी चाळीस वर्षांच्या आसपास मराठी शिकवले, असे दीड पान शिकवून कोणाला येत नाही. ते वाचून झाल्यावर मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

आणि याच कादंबरीला मागच्या वर्षी एक नकार आला होता, तोही सांगायला हवा, कारण आजच्या पत्राशेजारी तो ठेवला की मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. एका दुसऱ्या प्रकाशकांनी पोस्टकार्डावर मावतील इतक्याच ओळी लिहिल्या होत्या: आजी उत्तम उतरली आहे, पुण्याहून येणारी मैत्रीण कादंबरीत कशासाठी आहे ते कळत नाही, सध्याच्या रूपात आम्ही हे छापू शकत नाही. मुलगी रडली. काही आठवडे माझ्याकडे फिरकलीही नाही. नंतर आली तेव्हा मैत्रीण कादंबरीतून गेली होती, तिच्याबरोबर तीन प्रकरणेही गेली होती, आणि आजीच्या उधारीचा धागा, जो आधी मधेच सुटत होता, तो शेवटपर्यंत पोहोचला होता. त्या नकारामागे वाचणारा माणूस होता. आजच्या होकारामागे कोणी नाही. सतरा वर्षांच्या लेखिकेला 'नाही' ऐकवू नये, ती कोमेजून जाईल, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिला त्या 'नाही'ने काम दिले, आणि आजच्या 'हो'ने तिच्या बापाच्या डिझेलचे पैसे मागितले.

मुलीने पत्र वाचल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मात्र मला फार जड गेला. "बाई, यांनी वाचली नाही ना?" तिला सागरसफर पहिल्या ओळीतच दिसली होती. वडिलांना ते सांगायचे धाडस तिला होत नव्हते, कारण ते शेजारीपाजारी पेढ्यांविषयी बोलून बसले होते. ते काम मी केले. ते काही बोलले नाहीत, पिशवीत कागद परत घातले आणि म्हणाले, "मग जाळ्यांचं उरकून घेतो." त्यांचा आवाज ऐकून पुन्हा माझा संताप उसळला, आणि ज्यांनी ते पत्र पाठवले त्यांना याची काहीही खबर नसेल, हे जाणवून तो अधिकच वाढला.

पुढे काय, असे काही जण विचारतील. करारावर सही होणार नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथल्या अटी आणि तिचे वय यांचा मेळ कसा बसतो ते नीट वाचून पालकाच्या सहीने अर्ज करता येतो का, ते मी पाहीन. वाट पाहावी लागेल, तर पाहू. तिला तशी घाई नाही, घाई बाकीच्यांनाच आहे. त्याआधी सुरुवातीची पुस्तकी पाने तिला पुन्हा लिहायची आहेत आणि त्यासाठी माझ्याखेरीज दुसरे डोळे हवेत, कारण मला ती आजी आता घरातली वाटू लागली आहे आणि मी तिच्या चुका पाहू शकत नाही.

तेव्हा दापोली, मंडणगड, खेड, गुहागर या बाजूला ज्यांना साधारण एकशे ऐंशी पाने कागदावर वाचून समासात पेन्सिलीने खरे काय वाटले ते लिहून देता येईल, त्यांनी मला निरोप पाठवावा. मुलीचे नाव कृपया प्रतिक्रियांत विचारू नये आणि अभिनंदनही करू नये. प्रत मी स्वतः आणून देईन. परत मात्र दिवाळीच्या आधी हवी, कारण सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत ती पुन्हा लिहायला बसणार आहे.