चाललंय की गा, कशाला हात लावतोस?

शहापूर, खानापूर, निपाणी. तिन्हीकडच्या ग्रुपांतून एकच मेसेज माझ्याकडे आला, खाली 'जनहितार्थ' लिहून. म्हणणं असं: जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ च राहू द्या, अपग्रेडनं मशीन मरतं, अँटिव्हायरस असला की धोका नाही, १० बंद पडलंय आणि ११ ला नवंच मशीन लागतं, लिनक्सवर मराठी येत नाही. जुनी मशिनं खोलून बसणं हाच माझा धंदा, म्हणून उत्तर देतोय.

अपग्रेडनं मशीन मरतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून पटतं. पण मरते ती हार्ड डिस्क, आणि ती आधीच टेकीला आलेली असते. खानापूरकडं पावसाळ्यात लाइट सारखी येते-जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. अशा धक्क्यांत दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर खराब सेक्टर साचतात. अपग्रेडमध्ये कित्येक जीबीची उलाढाल एका दमात झाली की ते उघडे पडतात. म्हणून आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती) बघायचा, फायली दुसरीकडे काढायच्या, मग हात घालायचा. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत (चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये) फिरणारं काहीच नाही, म्हणून ती थांबायला लावत नाही. २०११-१२ चं आय-थ्री मशीन, रॅम ४ ची ८ जीबी, २५६ जीबीची एसएसडी. एवढं केलं की गिऱ्हाईक विचारतं, "प्रोसेसर बदललास काय गा?"

अँटिव्हायरसचं म्हणाल, तर मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. त्याची वाट बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी टाकला ते वाचले. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांची मशिनं, त्यात विंडोज ७ ची भरपूर, कुलूपबंद झाली. विंडोज ७ चे पॅच १४ जानेवारी २०२० पासून थांबलेत. क्रोमही त्यावर १०९ च्या पुढं जात नाही. भोक भिंतीला असताना दाराशी राखणदार बसवून काय उपयोग? अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकू नका.

१० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे फुकटचे अपडेट संपले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचं कंपनीनं जाहीर केलं. ११ बद्दल मेसेज बराचसा खरा आहे: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर यादीबाहेर. आडवाटेनं बसवून देणारे आहेत, पण पुढच्या अपडेटची हमी कुणी देत नाही. मी तरी गिऱ्हाइकाला तसं देत नाही.

मराठीचा मुद्दा मात्र वाचून हसू आलं. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारात इनस्क्रिप्ट हा सरकारी मराठी कीबोर्ड आहेच, शिवाय मराठीसाठी 'कगप' नावाचा कीबोर्ड आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद! त्याच घाटणीचा कन्नड कीबोर्डही शेजारीच. इकडं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हा नियम आल्यापासून दोन्ही भाषा एकाच फाइलीत लागतात, आणि युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच पद्धतीत) ते सरळ जमतं. अडचण वेगळीच आहे: आधारच्या अंगठ्याची यंत्रं बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइडच मागतात, आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर रडवतात. सेवा केंद्रवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एका ठिकाणी मेसेज बरोबर आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे देवनागरी टाइप करायच्या जुन्या लिपी पॅकेजचं मशीन असतं, मागं लॉक लावलेलं (ते खोचल्याशिवाय पॅकेज चालत नाही), वीस वर्षांच्या फायली त्याच फॉन्टात. ते विंडोज ७ वरच राहू द्या. फक्त नेटची वायर काढा, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनला लावून तपासा.